अकरा जणांचं एकच उत्तर

३ मे

ताई,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. म्हणजे इथे रोज जातात, पण आपल्यातलं कुणी नाही. फोन केला असता, पण तू उचलला नसतास, आणि उचलला असतास तर मी मुक्यासारखा कानाला लावून बसलो असतो. दोन वर्षांत दोनदा तसं झालंय. हो, तो मीच होतो.

भावोजी, हे पाकीट तुम्ही फोडलं असेल तर इथेच थांबा. पुढचं बहिणीला आहे.

काम आहे म्हणून लिहितोय. तू त्या कचेरीत दिवसभर लोकांचे फॉर्म कॉम्प्युटरमध्ये भरतेस, तेव्हा तुला ठाऊक असणार. फॉर्मवर नाव लिहायचं नाही असं सांगतात, आणि वर उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढा आकडा छापलेला असतो. तो कशासाठी?

आता पहिल्यापासून सांगतो. मी इस्पितळात आहे. आजारी नाही, कामाला. चौथा मजला, साथीच्या रोग्यांचा वॉर्ड. ऑक्सिजनचे सिलिंडर बदलायचे, स्ट्रेचर ढकलायचं, आणि जे आले तसे जाणार नाहीत त्यांना तळघरात पोचवायचं. आम्ही अकरा जण ठेकेदाराची माणसं, साथ संपेपर्यंत राहायलाही इथेच. इथे बाई दिसली की मावशी आणि पुरुष दिसला की मामा अशीच हाक असते, पण आमच्या मजल्यावर मामा म्हटलं की एकच माणूस मान वळवतो, माझा जोडीदार. साठीला टेकलाय. त्याच्या उंचीचा सिलिंडर तिरका करून असा फिरवत नेतो की वाटावं नातवाला बोट धरून चालवतोय. मला सगळे भिंगरी म्हणतात. का ते तुला सांगायला नको.

डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, वर मास्क, वर चष्मा. समोरून सगळे सारखे. म्हणून पाठीवर मार्करने नाव लिहितात, आणि माणूस ओळखायचा तर त्याच्या मागे जावं लागतं. तुझी पाठ मी कुठेही ओळखीन. शेवटची तीच बघितली होती.

तर मंगळवारी एक बाई आली. डॉक्टर नाही, सिस्टर नाही, काखेत कागदांचा गठ्ठा. म्हणाली, "तुमच्या कामाचा ताण मोजायला आलेय." लिफ्टवाला मागून पुटपुटला, "ताप मोजला की कळतं कुणाला आत ठेवायचं. ताण मोजला की कळतं कुणाला बाहेर काढायचं." बाईने ऐकलं की नाही कुणास ठाऊक. बारा प्रश्न होते. प्रत्येकापुढे पाच चौकोन, कधीच नाही पासून सतत पर्यंत. नाव लिहू नका, मनात येईल ते लिहा, कुणी बघणार नाही, म्हणाली. जी गोष्ट कुणी बघणार नाही ती लिहून कशाला घेतात?

अकरांत धड वाचता येणारा मी, सातवी नापास. जिन्यात बसून मी वाचून दाखवायला लागलो. कामावर येताना पोटात गोळा येतो का? थोरली मावशी म्हणाली, "गोळा यायला पोटात जागा हवी. भुकेनेच भरलंय." घरच्यांवर विनाकारण चिडता का? "घरी सोडा तर खरं, मग चिडून दाखवते." सगळे हसले. मला हसू येईना, माझा डोळा त्या कोपऱ्यातल्या आकड्यावर.

मी म्हणालो, हसू नका. सगळ्यांनी पहिल्याच चौकोनात फुली मारायची. कधीच नाही. बारा प्रश्न, बारा फुल्या.

मामा म्हणाला, "अरे, सगळ्याला एकच औषध?"

"सगळ्याला. एक जण वेगळा दिसला की त्याला उचलणार. अकराच्या अकरा सारखे दिसले तर कुणाला उचलतील?"

ऐकलं त्यांनी माझं. आयुष्यात पहिल्यांदा दहा माणसांनी माझं ऐकलं. खरं बोललं की पोटावर पाय येतो हे मला कुणी शिकवलं, ते तुला ठाऊक आहे.

आकड्याचं तेवढं कळव.

तुझा भाऊ


१० मे

ताई,

तुझं उत्तर मिळालं. तीन ओळी. "आकडा दुसऱ्या वेळचा फॉर्म पहिल्याशी जोडायला असतो. खरा भर. जेवत जा." अक्षर तुझं आहे, पण पहिल्या दोन ओळी भावोजींनी सांगितल्यासारख्या वाटतात. जेवत जा तेवढं तुझं.

उशीर झाला. फॉर्मवाली बाई परवा परत आली. आम्हा अकरांना जिन्याच्या वळणावर उभं केलं, आणि पत्ते पिसावेत तसे आमचे फॉर्म हातात पसरले.

"चौथा मजला. अकरा फॉर्म. एकही फुली इकडची तिकडे नाही," म्हणाली. मग वाचायला लागली. छातीत धडधडतं का? कधीच नाही. झोप मोडते का? कधीच नाही. "छान. आता पुढचं. काम संपल्यावर समाधान वाटतं का? कधीच नाही. अडचण आली तर मन मोकळं करायला कुणी आहे का? कधीच नाही. आणि शेवटचा, मनापासून हसता का, त्यालाही कधीच नाही."

तिने आमच्याकडे बघितलं. "म्हणजे तुम्हाला त्रास कधीच होत नाही, आणि बरंही कधीच वाटत नाही. अशी माणसं मी कुठे बघितली नाहीत."

थोरली मावशी म्हणाली, "तळघरात आहेत की. थंड खोलीत."

बाकीचे फिसकन हसले. माझे कान तापले. बारांतले चार प्रश्न उलटे होते, ताई. वाईटाचे नाहीत, चांगल्याचे. मीच तोंडाने वाचून दाखवले होते, पण मी वाचत होतो कुठे, मी त्या आकड्याकडे बघत होतो. डोळे झाकून फुल्या मारणारा सापडावा म्हणूनच ते चार मध्ये पेरलेले असणार. उंदराच्या सापळ्यात भाकरीचा तुकडा ठेवतात तसे.

बाईने आवाज चढवला नाही. तेच मला खटकलं. म्हणाली, "मी हे वापरू शकत नाही. तुमच्या मजल्याची जागा कोरी राहील. पंधरा दिवसांनी परत विचारीन."

कोरी राहील म्हणजे काय ते दोन दिवसांत कळलं. तिसऱ्या मजल्याच्या लोकांनी त्रासाच्या प्रश्नांना सतत सतत अशा फुल्या मारल्या होत्या. त्यांना सहा तासांची पाळी झाली, वर चार माणसं जास्त मिळाली. आमचे बारा तास होते तसेच. तिसऱ्या मजल्यावरचा एक जण लिफ्टमध्ये मला म्हणाला, "तुम्ही काय बुवा, पोलादाचे." मला कुणी तोंडावर बोललं नाही. दहाच्या दहा जण माझ्याशी नेहमीपेक्षा गोड बोलतात. असं गोड बोलणं तू ऐकलंयस. वादळाआधीचं.

आणि एक गोष्ट. काल दुपारी पोशाख उतरवायच्या खोलीजवळ खिडकीपाशी ती बाई उभी होती, आणि तिच्याशी मान खाली घालून कुणीतरी बोलत होतं. माझ्याकडे पाठ. पाठीवर मामा.

नंतर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, बाई काय म्हणत होती?

"कुठली बाई? मी पाणी पीत होतो."

ताई, पोशाख अंगावर असताना पाणी पिता येत नाही. बारा तास घोटभर नाही. मास्क खाली केला की गेलात. तो पूर्ण पोशाखात होता.

आता मी त्याच्या मागे चालतो, पुढे नाही.

भाऊ


१७ मे

ताई,

इथे घोळ झालाय.

आमच्या वॉर्डात भिंतीला दोन मोठे सिलिंडर जोडलेले असतात, एक चालू, एक राखीव. काटा लाल पट्टीवर आला की आधी राखीवचा पाना फिरवून तो उघडायचा, मगच रिकामा बंद करायचा. आधी उघडायचा, मग बंद करायचा. पहिल्या दिवशी हे एवढं पाठ करून घेतात की झोपेत बडबडावं.

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला मामाच्या हातून उलटं झालं. रिकामा आधी बंद केला आणि राखीव उघडायचा राहिला. पाना हातात धरून उभाच राहिला. सात नंबरच्या आजीची नखं काळीनिळी पडली, यंत्र ओरडायला लागलं. मग राखीव उघडला गेला. आजी वाचली. आज सकाळी तिने थोडी पेजसुद्धा घेतली, असं मावशी सांगत होती.

मोठी सिस्टर धावत आली. सगळा मजला तिच्या हाताखाली आहे, तिच्यापुढे डॉक्टरसुद्धा सरळ उभे राहतात. "कुणी केलं?" मामाने हात वर केला. तिथेच त्याला खाली पाठवलं. आज तीन दिवस तो ऑफिसबाहेरच्या बाकावर बसून आहे. बुधवारी ठेकेदाराचा माणूस येणार आणि त्याचं नाव खोडणार. मी जेवायला जाताना दिसतो. पोशाखाशिवाय, त्याच्या जुन्या चौकड्याच्या शर्टात, केवढासा दिसतो.

वय झालंय त्याचं. अशा माणसाला या कामावर ठेवूच नये, लिफ्टवालाही तेच म्हणतो. एवढ्यांचा जीव हातात असतो. बरोबर आहे ना? तू तर म्हणशीलच बरोबर आहे, तुला अशी माणसं कामावरून काढायची सवय आहे. आणि त्या बाईच्या कानाला लागायला कुणी सांगितलं होतं? काय सांगितलं असेल? फॉर्मवर फुल्या कुणी मारायला लावल्या तेच ना? करावं तसं भरावं.

मग मला दोन दिवस अन्न का जात नाही, ते विचारू नकोस.


१८ मे

ताई,

कालचं पत्र टाकलेलं नाही. फाडणार होतो. मग वाटलं, फाडलं तर तुला पुन्हा तेवढंच कळेल जेवढं मला शोभतं. दोन्ही एकाच पाकिटातून पाठवतो.

काल जिथे मामा लिहिलंय तिथे मी वाच.

पाना माझ्या हातात होता. रिकामा मीच बंद केला, आणि राखीवकडे वळता वळता डोळ्यांसमोर काळं आलं. पडलो नाही. उभ्या उभ्या कुठेतरी गेलो आणि परत आलो. मामा म्हणतो दहा श्वास झाले असतील. कुणाचे श्वास, ते त्याने सांगितलं नाही. मला खांद्याने ढकललं, पाना हिसकावला आणि राखीव उघडला. सिस्टर आली तेव्हा पाना त्याच्या हातात होता. "कुणी केलं?" मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, माझ्याकडून झालं. आणि मग मी तोंड उघडलंच नाही.

हे पहिल्यांदा नाही झालेलं. तीन आठवड्यांत चौथ्यांदा. याआधीच्या वेळी हातात सिलिंडर नव्हता एवढंच.

मी बसच्या डेपोत कामाला होतो तेव्हा तू साहेबाकडे गेली होतीस. याला अंधारी येते, याला गाडीखाली काम देऊ नका, म्हणालीस. त्याने मला काहीच काम दिलं नाही. मी तुझ्या दारात, भावोजींच्या समोर, तुला काय काय बोललो ते कागदावर परत लिहीत नाही. अंधारी तेव्हाही येत होती. तू खोटं बोलली नव्हतीस. माफी वगैरे मला लिहिता येत नाही, सातवीत ती शिकवली नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत मी त्या फॉर्मवाल्या बाईला गाठलं. तिला औषधांच्या कोठाराशेजारी एक टेबल दिलंय, मागे खोक्यांची भिंत. विचारलं, मामा तुमच्याशी काय बोलत होता?

"त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही," ती म्हणाली. "आमच्यातलं एक पोरगं उभ्या उभ्या झोपतंय, त्याची तेवढी पाळी कमी करा, म्हणाले. मी म्हटलं, काका, कागदावर चौथा मजला कोरा आहे. मी कुणाला काय दाखवू?"

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिच्या डोळ्यांखाली मास्कच्या पट्टीचा वळ होता, आमच्यासारखाच. खरं बोलत होती की मला फोडायला बघत होती, देव जाणे. मी म्हणालो, "तुमचा ताण कोण मोजतं?"

"कुणी नाही," म्हणाली आणि खोकी नीट लावायला लागली. बराच वेळ लावत होती, आधीच नीट होती ती.

मी तिच्याकडून कोरा फॉर्म मागून घेतला. बारा प्रश्न. प्रत्येक दोनदा वाचला, बोट ठेवून. आठांना फुल्या जिथे मारायच्या तिथे मारल्या, चारांना जिथे मारायच्या तिथे. मग वर, त्या कोपऱ्यातल्या आकड्यावरून, माझं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, आडनाव लिहिलं. बाई म्हणाली, नाव नको आहे. मी म्हणालो, तुम्हाला नको असेल. मोठ्या सिस्टरला लागेल.

उद्या दहाला तिच्या खोलीत जाणार आहे. हे आत्ताच पाकिटात घालून पेटीत टाकतो, म्हणजे उद्या पाय मागे घेतला तरी तुला ठाऊक असेल की मी पळालो.

भाऊ


२२ मे

ताई,

गेलो.

मोठ्या सिस्टरने फॉर्म वाचला, मग मला वाचलं. म्हणाली, "पाच दिवस कुठे होतास?"

"वॉर्डातच होतो."

"तू होतास. तोंड कुठे होतं?"

तिने मामाला बोलावून घेतलं. तो चौकड्याच्या शर्टात आत आला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, पोरगं खुळं आहे. जीव लावलाय माझ्यावर, म्हणून बोलतंय. माझीच चूक."

मी म्हणालो, माझी. तो म्हणाला, माझी. मी जरा जोरात म्हणालो, तो आणखी जोरात. मोठ्या सिस्टरने टेबलावर थाप मारली. "एका चुकीला दोन मालक पहिल्यांदा बघतेय. एरवी एकही सापडत नाही." मग एकेकाला कोपऱ्यात बोलावून हळूच विचारलं, रिकामा बंद करताना पाना किती फेरे फिरवला? मी सांगितलं, दोन. मामाने काय सांगितलं ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. सिस्टर म्हणाली, "तो उतरवला तेव्हा मी मोजले. दोनच होते."

मग तिने त्याच्याच देखत सांगितलं की खोटा कबुलीजबाब हीसुद्धा चूक आहे, आणि तिची नोंद होईल. तरी उद्यापासून वॉर्डात या. मामा मान हलवून बाहेर पडला.

माझं असं. सिलिंडरला हात लावायचा नाही. पंधरा दिवस काम बंद, डॉक्टर अंधारीचं बघतील. रक्त घेतलंय, डोक्याचं चित्र काढायचं म्हणतात. नंतर परत घ्यायचं की नाही ते ठेकेदार ठरवणार, आणि ठेकेदाराने अजून तोंडात मिठाची गुळणी धरलीय. सात नंबरच्या आजीच्या मुलाला सगळं सांगावं लागेल, असंही सिस्टर म्हणाली. मी म्हणालो, मी सांगतो. ती म्हणाली, "तू आधी झोप."

जिन्यात मामाने मला गाठलं. वाटलं, पाठीवर हात फिरवेल.

"गाढवा," म्हणाला. "पंचेचाळीस दिवस झाले, बायकोचं तोंड बघितलं नाही. आता नाव खोडलं असतं की घरी जाऊन तंगड्या पसरून पडणार होतो. चांगला सुटत होतो, तू परत डब्यात घातलंस."

मी विचारलं, "म्हणजे तुम्ही मला वाचवत नव्हतात? स्वतःला सोडवत होतात?"

"एका पान्याने दोन्ही सिलिंडर उघडतात," म्हणाला आणि वर गेला. मी अजून विचार करतोय. साठीच्या माणसाला घरी जाऊन खायचं काय, ते त्याने सांगितलं नाही. त्या माणसाच्या पोटात काय आहे ते मला शेवटपर्यंत कळायचं नाही.

काल फॉर्मवाली बाई पंधरा दिवस व्हायच्या आधीच आली, सिस्टरनेच बोलावलं म्हणे. आमच्या मजल्याला परत फॉर्म दिले. वाचून दाखवायला दुसरं कुणी नाही म्हणून मलाच बोलावलं, पोशाखाशिवाय, जिन्याच्या तळाशी. मी प्रश्न वाचत होतो, सावकाश, उलटा आला की उलटा आहे असं सांगून. आणि दहाच्या दहा जण माझ्याकडे पाठ करून फुल्या मारत होते. मामासुद्धा. माझ्यावरचा भरवसा उडाला म्हणून, की खरं लिहिताना कुणी तोंड बघू नये म्हणून, ते मला ठाऊक नाही. एवढंच दिसत होतं की थोरली मावशी एका प्रश्नापाशी फार वेळ थांबली. मग पाठ न वळवताच म्हणाली, "वाच रे पुढचा."

आज सकाळी सहा तासांची पाळी झाल्याचं कळलं. मी धरून नाही, उरलेल्या दहांची.

माझी तपासणी झाली, मला रोग नाही, शिक्क्याचा कागद आहे. पंधरांतले निम्मे दिवस इथे डॉक्टरांसाठी राहावं लागेल, मग आठ दिवस मोकळे. पुढच्या शनिवारी सकाळची बस आहे, दुपारी बाराला तुमच्या वळणावर थांबते. मी तिथेच उतरेन, घरापर्यंत येणार नाही. चार तास वाट बघेन आणि चारच्या बसने परत फिरेन. तू आलीस तर आलीस.

कुणाला बघायला पाठवणार असलीस तर भावोजींना पाठवू नकोस.

पाठवलंस तरी चालेल.

तुझा भाऊ